मिसळीची पैज आणि मोठ्ठं सफरचंद

प्रश्न : आम्ही चौघं मित्र रोज सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारतो, सगळे रिटायर्ड. मुलाकडे न्यू जर्सीला दोन महिने राहून आलो, तिकडे न्यूयॉर्कमध्ये बघावं तिथे सफरचंद, टी-शर्टवर, कपावर, फ्रिजला लावायच्या मॅग्नेटवर. परत आल्यावर कट्ट्यावर विषय निघाला की न्यूयॉर्कला 'बिग ॲपल' का म्हणतात, आणि चौघांची चार उत्तरं आली. माझं म्हणणं, त्या राज्यात सफरचंदं खूप पिकतात म्हणून. दुसरे म्हणतात मंदीच्या काळात बेकार लोक रस्त्यावर सफरचंदं विकायचे म्हणून. तिसऱ्यांना व्हॉट्सॲपवर आलं होतं की ईव्ह नावाची एक फ्रेंच बाई तिथे कोठा चालवायची आणि मुलींना 'माझी सफरचंदं' म्हणायची म्हणून. चौथ्यांना गाण्याची आवड, ते म्हणतात हा जॅझवाल्यांचा शब्द. शेवटी मिसळीची पैज लागली, चुकलेल्यांनी बरोबरवाल्याला खिलवायची. निकाल द्या.
— एक वाचक, नौपाडा

उत्तर : काका, आधीच सांगते, निकाल ऐकून चौघांपैकी कोणीही खूश होणार नाही.

तुमच्यापासून सुरुवात करू. न्यूयॉर्क राज्यात सफरचंदं भरपूर पिकतात हे खरंच आहे, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागतो. पण बागा राज्यात आणि टोपणनाव शहराला, हे जुळत नाही, म्हणजे महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी पिकते म्हणून कोणी साताऱ्याला मोठी स्ट्रॉबेरी म्हणायला लागलं असं ऐकलंय का कधी? नाव आधी आलं आणि बागांचा संबंध नंतर लोकांनी जोडला. चला, एक गडी बाद.

मंदीवाले काका. त्यांची गोष्ट अर्धी खरी आहे म्हणून फसवी आहे. १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि १९३० च्या हिवाळ्यापर्यंत न्यूयॉर्कच्या फुटपाथवर खरंच हजारोंनी बेकार माणसं पाच-पाच सेंटला सफरचंद विकत उभी होती, सफरचंदाच्या व्यापाऱ्यांनीच त्यांना पेट्या उधारीवर दिल्या होत्या, त्या वेळचे फोटोसुद्धा आहेत, अंगात चांगला कोट, डोक्यावर हॅट आणि पुढ्यात पेटी, बघून पोटात कालवतं. पण हे नाव छापून आलंय १९२१ सालापासून. मुलाच्या बारशाला घुगऱ्या खाल्लेला माणूस मुलानंतर जन्मलेला कसा असेल? माझी अशा वादांत एकच पद्धत, कोण काय म्हणतो ते सोडा, शब्द पहिल्यांदा छापील कुठे सापडतो ते साल बघा आणि त्या सालाच्या पुढची प्रत्येक गोष्ट बिनधास्त कचऱ्यात टाका. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता व्हॉट्सॲपवाले काका, यांचं तर मला फारच कौतुक वाटतं कारण त्यांची गोष्ट सगळ्यात सुरस आहे. फ्रान्समधून पळून आलेली सरदार घराण्यातली मुलगी, एकोणिसाव्या शतकाची सुरुवात, बाँड स्ट्रीटवरचं घर, घराचा नंबरसुद्धा दिलेला असतो, तिथे शहरातले मोठमोठे लोक 'ईव्हची सफरचंदं चाखायला' यायचे. आदम, हव्वा आणि सफरचंद, एवढं चपखल बसतं की खोटं वाटतच नाही. आणि तिथेच शंका यायला हवी होती! ही गोष्ट १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्याच एका इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांनी चक्क गंमत म्हणून रचून इंटरनेटवर टाकली. जुन्या गोष्टी छातीठोकपणे सांगणाऱ्यांची टर उडवायची होती त्यांना, पुढे त्यांनी ते कबूलही केलं, पण तोपर्यंत गोष्ट गावभर झालेली. कबुलीजबाब काही कोणी फॉरवर्ड करत नाही. नंबरासकट पत्ता दिलाय म्हणजे खरं असणार असं आपल्याला वाटतं ना, फसवणारा पत्ता म्हणूनच देतो.

राहिले जॅझवाले काका, त्यांच्याकडे जरा वळसा घालून येते, कारण आधी घोडे आणायचेत.

आमचे एक मामा होते, रविवारी ऑफिसचं काम आहे सांगून ठाण्याहून लोकल पकडून महालक्ष्मीला रेसला जायचे. संध्याकाळी चेहऱ्यावरून कळायचं ऑफिसचं काम कसं झालं ते. त्यांच्या बोलण्यात शब्द असे यायचे की घरातल्या बायकांना कळू नये, आणि हे जगात सगळीकडे असंच आहे, रेसवाल्यांची भाषा वेगळी असते आणि तिथले शब्द हळूच गावात उतरतात. 'बिग ॲपल' हा शब्दसुद्धा असाच रेसकोर्सच्या पागेतून आलाय.

न्यूयॉर्कला 'मॉर्निंग टेलिग्राफ' नावाचा पेपर होता, नाटकं आणि घोड्यांच्या शर्यती हे त्याचे खास विषय. त्यात जॉन जे. फिट्झगेराल्ड नावाचे बातमीदार रेसबद्दल लिहायचे (कादंबरीवाले फिट्झगेराल्ड वेगळे, गल्लत नको). मे १९२१ मध्ये त्यांनी लिहिलं की अमुक एक जण आपले घोडे घेऊन उद्या 'बिग ॲपल'कडे निघतोय. मग त्यांना तो शब्द इतका आवडला की १८ फेब्रुवारी १९२४ ला त्यांनी आपल्या सदराचंच नाव 'बिग ॲपल'वरून ठेवलं आणि वर खुलासा केला, त्याचा मथितार्थ असा की ज्या ज्या पोरानं जातिवंत घोड्यावर मांड टाकलीय त्या प्रत्येकाचं स्वप्न म्हणजे बिग ॲपल, ते एकच आहे, आणि ते म्हणजे न्यूयॉर्क.

कारण साधं होतं, पैसा. तेव्हा घोडेवाले लोक वर्षभर फिरतीवर, गावोगावच्या छोट्या रेसकोर्सवर बक्षिसं चिल्लर, आणि न्यूयॉर्कच्या रेसकोर्सवर बक्षिसं गलेलठ्ठ. छोट्या गावातल्या जॉकीला, ट्रेनरला न्यूयॉर्कला पळायला मिळणं म्हणजे आपल्याकडे गल्लीत टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोराला वानखेडेवर उतरायला मिळाल्यासारखं. आणि सफरचंदच का, तर घोड्याचा आवडता खाऊ तो, शिवाय त्या काळच्या अमेरिकेत मोठं लाल सफरचंद ही माणसांच्या दृष्टीनेही भारीतली वस्तू होती.

पण फिट्झगेराल्डसाहेबांनी हा शब्द स्वतः तयार केला नाही, आणि त्यांचा मोठेपणा हा की त्यांनी तसं स्वतःच लिहून ठेवलं. १९२० च्या सुमाराला ते न्यू ऑर्लिन्सला गेले होते. तिथे सकाळी घोडे पळवून झाल्यावर दोन कृष्णवर्णीय मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, आपापले घोडे गोल गोल फिरवत होते, घोड्याचा घाम जिरवायला तसं फिरवावं लागतं. फिरवता फिरवता गप्पा. एकाने विचारलं, इथून पुढे कुठे? दुसरा ऐटीत म्हणाला, इथून थेट बिग ॲपल. त्यावर पहिला म्हणतो, मग तुझ्या ह्या हाडकुळ्यांना जरा चारापाणी दे नीट, नाहीतर त्या सफरचंदातला नुसता मधला चोथाच वाट्याला येईल!

मला हा पहिला मोतद्दार भयंकर आवडतो. एका वाक्यात शब्दाचा अर्थ, शहराचा दरारा आणि मित्राची खेचणं, तिन्ही. आणि बघा, दुसरा मोतद्दार शब्द वापरतो तेव्हा पहिल्याला अर्थ विचारावा लागत नाही, म्हणजे पागेत तो शब्द आधीपासून रुळलेला होता.

आता जॅझवाले काका. १९३० च्या दशकात जॅझ वाजवणाऱ्यांनी हा शब्द उचलला हे खरं, त्यांच्यासाठीही न्यूयॉर्क, त्यातही हार्लेम, म्हणजे सगळ्यात मोठं स्टेज, झाडाला सफरचंदं खूप असतात पण मोठं सफरचंद एकच असं ते म्हणायचे. १९३७ ला तर 'बिग ॲपल' नावाच्या नाचाचं अमेरिकाभर खूळ पसरलं, गंमत म्हणजे तो नाच न्यूयॉर्कचा नाहीच, साऊथ कॅरोलिनातल्या कोलंबिया गावात एका जुन्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या इमारतीत 'बिग ॲपल' नावाचा क्लब होता, तिथे काळी मुलं नाचायची आणि गोरी कॉलेजची मुलं वरच्या गॅलरीतून बघून बघून शिकली. म्हणजे जॅझवाल्यांनी नाव लांब पोचवलं, पण जन्म दिला नाही. त्यांना मी आईचा नाही, आत्याचा मान देईन. अर्धी मिसळ.

आता तुमच्यातले कोणी फार अभ्यासू असतील तर म्हणतील की १९०९ सालच्या एका पुस्तकात न्यूयॉर्कला मोठं सफरचंद म्हटलंय, मग १९२१ पहिलं कसं? आहे, ते वाक्य आहे. पण त्यात लेखक देशाची तुलना झाडाशी करतोय आणि म्हणतोय की झाडाचा रस हे मोठं सफरचंद जरा जास्तच ओढून घेतं. ती तेवढ्यापुरती उपमा आहे, टोपणनाव नाही. एखाद्याने निबंधात मुंबई ही सोन्याची कोंबडी आहे लिहिलं म्हणून मुंबईचं नाव कोंबडी पडत नाही. अर्थात काही जण अजून १९०९ च धरून बसतात. माझं मत पागेच्या बाजूने, कारण तिथून पुढे शब्द कसा कसा गेला त्याची साखळी दिसते, १९०९ च्या त्या वाक्याला पुढे पोरंबाळंच नाहीत.

ही साखळी शोधणारी माणसंही मजेशीर. जेराल्ड कोहेन नावाचे मिझुरीतले प्राध्यापक आणि बॅरी पोपिक नावाचे न्यूयॉर्कचे गृहस्थ. पोपिक यांची तेव्हा नोकरी काय, तर पार्किंगच्या दंडाच्या पावत्यांवरची भांडणं ऐकून निवाडा द्यायचा! आणि उरलेल्या वेळात लायब्ररीत बसून जुन्या पेपरांच्या फिल्म डोळे फुटेपर्यंत बघायच्या. ठाण्यात पार्किंगवरून जेवढी भांडणं होतात ती बघता इथे असा माणूस नेमला तर त्याला लायब्ररीत जायला वेळच मिळणार नाही. तर या लोकांच्या पाठपुराव्यामुळे फेब्रुवारी १९९७ मध्ये वेस्ट ५४ वा रस्ता आणि ब्रॉडवे जिथे मिळतात त्या कोपऱ्याला 'बिग ॲपल कॉर्नर' नाव दिलं गेलं, फिट्झगेराल्ड तिथे १९३४ पासून १९६३ मध्ये वारले तोवर राहायचे. मुलाकडे पुन्हा गेलात तर पाटी बघून या. फक्त ते दोघं मोतद्दार कोण, त्यांचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. ज्याने ऐकलं त्याच्या घराच्या कोपऱ्याला पाटी, ज्यांनी म्हटलं ते घोडे फिरवत गेले ते गेलेच.

आणि तुम्ही बघितलेले ते कप नि मॅग्नेट, त्याचा पागेशी काही संबंध नाही. जॅझचा जमाना सरला तसं हे नाव लोक विसरत चालले होते. १९७१ मध्ये शहराची अवस्था वाईट, गुन्हेगारी वाढलेली, पालिकेच्या तिजोरीत खडखडाट, पर्यटक यायला घाबरायचे, तेव्हा तिथल्या पर्यटन मंडळाचे प्रमुख चार्ल्स जिलेट यांनी हे जुनं नाव झटकून पुसून वर काढलं, लाल सफरचंदाचे बिल्ले वाटले, जाहिराती केल्या. जिलेट स्वतः जॅझचे शौकीन, म्हणून त्यांना नाव आठवलं. हे मात्र जॅझवाल्या काकांना सांगा, त्यांची अर्धी मिसळ पाऊण करायला हरकत नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही उल्लेख केलेल्या शिकागोला 'विंडी सिटी' म्हणतात ते तळ्यावरच्या वाऱ्यामुळे की तिथल्या पुढाऱ्यांच्या बडबडीमुळे? आमच्या गाइडने दुसरं सांगितलं होतं.
— एक वाचक, वाशी

उत्तर : गाइडने बहुतेक ही गोष्ट सांगितली असणार : १८९३ चं जागतिक प्रदर्शन आपल्याकडे व्हावं म्हणून न्यूयॉर्क आणि शिकागो भांडत होते, शिकागोवाले फार फुशारक्या मारायला लागले, तेव्हा न्यूयॉर्कच्या 'सन' पेपरचे संपादक चार्ल्स डाना यांनी अग्रलेखात लिहिलं की त्या हवाबाज शहराच्या बातांकडे लक्ष देऊ नका. गोष्ट झकास, पण तो अग्रलेख आजतागायत कोणाला सापडलेला नाही. आणि आपली सालाची फूटपट्टी लावा, प्रदर्शनाचं भांडण १८९० च्या आसपासचं, आणि सिनसिनाटीच्या 'एन्क्वायरर' पेपरात 'ते विंडी सिटी' असा मथळा मे १८७६ मध्येच छापलेला आहे. तो शोधणारे पुन्हा तेच पार्किंगच्या पावत्यावाले पोपिक! त्याच्याही आधीचे उल्लेख नंतर मिळाले. म्हणजे डानासाहेबांना विनाकारण श्रेय.

१८७६ ची ती बातमी शिकागोतल्या वादळाची होती, पण सिनसिनाटी आणि शिकागो यांचं तेव्हा विळ्याभोपळ्याचं सख्य, मांसाच्या धंद्यावरून, बेसबॉलवरून, सगळ्यावरून, त्यामुळे मथळ्यात वाराही होता आणि टोमणाही. मराठीत हे समजवायला लागतच नाही, आपल्याकडे हवा सुटते पण आणि माणूस हवा करतो पण. दोन्ही अर्थ पहिल्यापासून हातात हात घालून चाललेत असं माझं मत, एक निवडायचा हट्ट कशाला. आणि नुसत्या वाऱ्याच्या वेगावर नाव द्यायचं तर ते बॉस्टनला द्यावं लागेल, तिथे सरासरी वारा शिकागोपेक्षा जास्त असतो.

आपल्यासाठी एक जोड : ते प्रदर्शन भरलं त्याच १८९३ सालात आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. प्रदर्शन सहा महिन्यांत उठलं, ग्रंथसंग्रहालय चालू आहे.

प्रश्न : परदेशातल्या शहरांचं पुरे. आमच्या नवी मुंबईला 'फ्लेमिंगो सिटी' कोणी म्हणायला सुरुवात केली? माझी मुलगी म्हणते पूर्वापार म्हणतात.
— एक आई, नेरुळ

उत्तर : ताई, पूर्वापार शहरच नव्हतं हो! हे शहर वसवणारी सिडकोच स्थापन झाली मार्च १९७० मध्ये. खाडीत फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकात, ते पण आधी शिवडीला चिखलात. मग २०१५ ला ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ ला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं, आणि या सगळ्या हवेत महापालिकेने 'फ्लेमिंगो सिटी' म्हणून मिरवायला सुरुवात केली, चौकाचौकात पुतळे उभे राहिले, भिंती गुलाबी झाल्या. म्हणजे ही १९७१ च्या न्यूयॉर्कसारखी केस, फक्त तिकडे जुनं नाव माळ्यावरून काढलं आणि इकडे कोरं करकरीत आणलं. त्याआधी सिडको 'एकविसाव्या शतकाचं शहर' म्हणायची, ते एकविसावं शतक उजाडल्यावर जुनंच झालं. फ्लेमिंगो तरी दर वर्षी नव्याने येतात, खाडीचा चिखल आणि पाणथळ जागा शिल्लक ठेवल्या तर. मुलीला सांगा, साल तिनेच लिहून ठेवावं, पन्नास वर्षांनी माझ्यासारखं कोणीतरी शोधत बसेल.

प्रश्न : ठाण्याला तलावांचं शहर हे नाव शिलाहार राजांनी दिलं असं आमच्या सोसायटीच्या गणपतीत एका वक्त्यांनी सांगितलं. खरं का?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : शिलाहारांनी ठाण्याला जे नाव दिलं ते लेखी आहे, आणि ते 'श्रीस्थानक'. १०१७ सालचा अरिकेसरी राजाचा ताम्रपट ठाण्यातच खणताना सापडला, त्यात या गावच्या लोकांना उद्देशून श्रीस्थानक असंच म्हटलंय. त्यात तलावांचं बिरुद नाही. तलाव खोदले असतील, देवळं बांधली असतील, कौपिनेश्वराचं मूळ देऊळ त्यांच्याच काळातलं सांगतात, आत्ताचं बांधकाम १७६० चं, सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी केलेलं. पण तलाव असणं वेगळं आणि तलावांचं शहर म्हणवून घेणं वेगळं. ज्या काळात प्रत्येक गावाला तळं लागायचंच, प्यायला, गुरांना, देवाला, त्या काळात तळं आहे याचं कौतुक कोण करणार? नळाचं पाणी आलं, बाकीच्या गावांनी आपापली तळी बुजवली, तेव्हा आपली पस्तीसेक उरलेली उठून दिसायला लागली. आपणही काही कमी बुजवली नाहीत म्हणा. आणि हे बिरुद आपलं एकट्याचं नाही, उदयपूर आणि भोपाळवाले पण तेच लावतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या तळ्यांपुढे आपलं तलावपाळीचं मासुंदा तळं म्हणजे बशी.

मला विचाराल तर ठाण्याचं खरं जुनं नाव 'तलावांचं शहर' नाहीच, ते पाटीवरचं झालं. खरं जुनं नाव तलावपाळी. पाळ म्हणजे तळ्याचा बांध, काठ. परवा एका कॉलेजच्या मुलीने मला हळू आवाजात विचारलं की याला असं ऑकवर्ड नाव का दिलं असेल, तेव्हा कळलं की हा शब्द आता समजावून सांगायची वेळ आलीय. पाळीवर बसायचं म्हणजे काठावर बसायचं, बस. ना राजाने ठेवलं, ना पालिकेने, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांनी म्हटलं आणि पडलं.

नौपाड्याचे काका, त्याच पाळीवर उद्या हा अंक घेऊन जा. हिशोब असा : तुम्ही, मंदीवाले आणि व्हॉट्सॲपवाले, तिघांनी मिळून जॅझवाल्यांना पाऊण प्लेट. उरलेली पाव प्लेट कोणाची हा वाद घालू नका, ती निकाल देणाऱ्याची, आणि माझ्या मिसळीत फरसाण कमी, तर्री वेगळी.